बिनसाखरेचे पेले

बाबांचा कुठला दात किडला असेल
हे मी एक्स-रे न काढताही सांगितलं असतं:
खालचा, डावीकडचा, सुळ्याला लागून,
जिथे पन्नास वर्षं साखरेचा खडा बसत आला.

आमच्या तब्रीझमध्ये साखर चहात ढवळत नाहीत.
खडा दातांत धरायचा
आणि लालभडक कडक चहा
त्याच्यातून गाळून घ्यायचा, घोट घोट.
हैदरअली रफूगर, दिवसाला चौदा पेले.
उजव्या हातात सुई, मांडीवर कुणाचा तरी गालिचा,
आणि डावा गाल किंचित फुगलेला,
जणू आत पाहुणा उतरलाय.

मी याच शहरात दातांची डॉक्टर.
परक्यांना आरसा दाखवून बजावते, ते ऐकतात.
घरातल्या या एका तोंडापुढे
माझ्याच दातांच्या कण्या.

"साखर सोडा म्हणत नाही मी," शेवटी खुर्चीतच गाठलं त्यांना,
"तिला वेळ ठरवून द्या.
प्रत्येक खड्यानंतर तोंडात आम्ल जागं होतं,
अर्धा तास दाताला कुरतडतं,
मग लाळ येते, डागडुजीला बसते.
तिची सुई ओवून होते न होते
तोच तुमचा पुढचा पेला."

भूल दिलेल्या ओठाने बाबा वाकडं हसले.
"म्हणजे कसरीसारखं.
गालिचा केवढा जाड, याच्याशी तिला घेणं नाही.
झटकायचा राहिला, की लागलीच."
लोकांची भोकं बुजवण्यात जन्म गेलेल्या माणसाला
भोक कसं पडतं
ते मी शिकवत होते.

तह झाला.
दुपारच्या जेवणावर दोन खडे, एका बैठकीत.
शुक्रवारी बदामाची कुराबिया, तीही जेवणाबरोबरच,
मधल्या वेळी चघळायला नाही.
वर पाणी, पनीरचा एखादा तुकडा.
रात्री ब्रश, आणि ब्रशनंतर
देवदूत तबक घेऊन आला तरी नाही.
बाकीचे सगळे पेले कोरे.

पहिला आठवडा ते माझ्यावर रुसले, मग सामोवारवर.
कोऱ्या चहाला औषध म्हणाले.
खड्यांची वाटी मी फडताळात ठेवली होती,
तिच्या जागेवर त्यांची बोटं जात राहिली,
रिकामी परत येत राहिली.

बाहेर बर्फ पडत होतं, नववा पेला असेल,
आणि बाबा एकदम बोलायला लागले.
आईबद्दल.
लग्नात दोघांच्या डोक्यांवर धरलेल्या कापडावर
बायका साखरेचे सुळके घासत होत्या,
थोडी भुकटी कापडातून गळून
आईच्या भुवईवर पडली,
आणि तिने ती दिवसभर पुसली नाही.

मी हे कधी ऐकलं नव्हतं.
"इतकी वर्षं का नाही सांगितलंत?"

त्यांनी बशीतला पेला उगाच फिरवला.
"तोंडात खडा असला ना, सेविल,
की माणसाला कुणी काही विचारत नाही.
ती गेल्यावर लोक यायचे, बसायचे.
मी आणखी एक खडा घ्यायचो."

मी त्या दाताकडे पाहिलं,
माझ्याच हातांनी भरलेल्या.
तेवढ्याशा खळग्यात
किती वाक्यं बसून राहिली असतील.

आता दुपारी आम्ही दोघं जेवतो,
साखरेच्या जुन्या अडकित्त्याने बाबा खडा फोडतात,
मोठा तुकडा माझ्याकडे सरकवतात.
दातांत धरतो. कुणी बोलत नाही.
गोड आहे. खोटं कशाला बोलू,
फार गोड आहे.

मग तो विरघळतो.
बाबा चूळ भरून येतात,
कोरा पेला पुढे ओढतात
आणि म्हणतात,
"तर, कुठे होतो मी?"